हिंडलगा जेलमधला फाशीचा खांब : ठेवायचा की काढायचा?

वेंगुर्लारोड (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी सुळग्याचा. गेली बावीस वर्षं हिंडलगा जेलच्या बाजूनं गाडीवरनं बेळगावात कामाला जातो, त्यामुळं ती भिंत आता आपल्या गोठ्याची असावी तशी वाटते, लक्ष पण जात नाही. परवा धाकटा मागं बसला होता, त्यानं विचारलं पप्पा इथं आत फाशी देतात काय. म्हटलं सोय आहे रे, कर्नाटकातली फाशीची सोय इथंच आहे, खरं १९८३ नंतर कुणाला दिलेली नाही. तर म्हणतो, मग सोय ठेवलीय कशाला?

गणेशपूरच्या कॉर्नरपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत काय झालेलं ते आठवत असेल सगळ्यांना. चंदनतस्कर वीरप्पनच्या चार साथीदारांची दया राष्ट्रपतींनी फेटाळली आणि आता चौघांना इथंच लटकवणार म्हणून टीव्हीवाल्यांच्या गाड्या येऊन उभारल्या. आमच्या गावातली पोरं उगाच फेऱ्या मारायलीत, चहाच्या टपरीवाल्याचा धंदा चौपट. शेवटी सुप्रीम कोर्टानं थांबवलं आणि पुढच्या वर्षी फाशीची जन्मठेप झाली. तेव्हा मला राग आलेला, खोटं कशाला बोलू. २२ माणसं सुरुंगानं उडवलेली त्यांनी पालारला. आता इतक्या वर्षांनी तेवढा राग राहिलेला नाही, खरं पूर्ण गेला पण नाही.

तर प्रश्न सरळ आहे. फाशीनं काय होतं? धाक बसतो काय? आणि ती सगळ्यांना सारखी लागते काय?

कुंदाप्रेमी | ९:५८

पोरग्याला पुढच्या वेळी दुसऱ्या रस्त्यानं न्या. प्रश्न मिटला.

शहापूरचा_मास्तर | १०:२०

धागा चांगला आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, फाशी पाहिजे. सगळ्यांना नको, खरं काही माणसांना पाहिजेच.

कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणी घ्या, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. दुसऱ्याची लेकरं पळवायची, चोरी करताना कडेवर घ्यायची म्हणजे संशय येत नाही, आणि काम झालं की मारून टाकायची. १९९६ ला पकडल्या. २००१ ला फाशी, हायकोर्टात कायम, २००६ ला सुप्रीम कोर्टात कायम, २०१४ ला दया नाकारली. आणि २०२२ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्ट म्हणतं, सरकारनं दयेच्या अर्जाला जवळपास आठ वर्षं लावली म्हणून फाशी रद्द, जन्मठेप करा. म्हणजे फाईल टेबलावर पडून राहिली म्हणून गुन्हा लहान झाला? लेकरं ती लेकरंच ना?

अनगोळची_अक्का | १०:३४

मास्तर, १९९६ चं ते वर्ष मी विसरू शकत नाही. माझी थोरली तीन वर्षांची होती. सौंदत्तीच्या यात्रेला गेलेलो, तिच्या दंडाला माझ्या पदराचं टोक बांधलेलं, गाठ मारून. ती रडायली, दंड लाल झालेला, तरी सोडलं नाही. पेपरात ज्यांचे फोटो आलेले त्या बायका आपल्यासारख्याच दिसत होत्या, तेच जास्त भ्या वाटायचं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीच दोर ओढतो म्हटलं असतं.

पुण्याची_सून | १०:४१

दादा, तुमचा अनुभव वाचून काटा आला. पण दादा, आज काय वाटतं तुम्हाला?

अनगोळची_अक्का | १०:४४

अगं दादा नव्हे, अक्का आहे मी. आयडी वाच. बेळगावात बायका पण "जातो, येतो, करतो"च म्हणतात. आणि पदर दादा कशाला नेसतील?

कुंदाप्रेमी | १०:४५

😂😂 धागा वसूल

वडगाव_वकील | ११:१०

मास्तर, गुन्हा लहान झाला असं कोर्ट म्हणालेलं नाही. त्या बायका उरलेलं आयुष्य जन्मठेप भोगतायत, सुटल्या नाहीत. कोर्टाचं म्हणणं असं की एकदा दयेचा अर्ज गेला की तो माणूस रोज सकाळी आज निरोप येतो काय म्हणून उठतो. ही टांगती शिक्षा कायद्यात कुठं लिहिलेली नाही. वीरप्पनच्या साथीदारांचं पण तेच. २०१४ च्या त्या निकालात एकूण १५ जणांची फाशी जन्मठेप झाली, आणि दया फेटाळल्यावर किमान १४ दिवस दिल्याशिवाय फाशी देता येणार नाही असं पण ठरलं.

धागाकर्त्यांनी वीरप्पन काढलाच आहे तर त्यातली खरी गंमत सांगतो, गंमत म्हणायला जीभ रेटत नाही तरी. त्या चौघांना म्हैसूरच्या टाडा कोर्टानं (दहशतवादाच्या केसचं खास कोर्ट) फाशी दिलेलीच नव्हती, जन्मठेप दिलेली. हे अपिलात गेले सुटायला, आणि २००४ ला सुप्रीम कोर्टानं उलट फाशी करून परत पाठवलं. पुढं दहा वर्षांनी त्याच कोर्टानं जन्मठेप केली. माणसं तीच, सुरुंग तोच, पुरावा तोच.

आता "सारखी लागते काय" या प्रश्नाबद्दल. १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून नियम असा की फाशी फक्त विरळातल्या विरळ प्रकरणात. ऐकायला छान. खरं विरळ कशाला म्हणायचं ते जजागणिक बदलतं. कायद्याच्या कॉलेजात हरबंससिंगची केस शिकवतात. एकाच खून प्रकरणात तिघांना फाशी, तिघांचा वाटा सारखा. तिघांची प्रकरणं सुप्रीम कोर्टात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या बेंचसमोर गेली. एकाची, काश्मीरासिंगची, जन्मठेप झाली. दुसरा जीतासिंग १९८१ च्या ऑक्टोबरात फासावर गेला. तिसरा हरबंससिंग, त्याच्या वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं की अरे याच्या जोडीदाराची फाशी आपणच काढलीय, म्हणून तो वाचला. जीतासिंगचं काय करायचं? काही नाही. तो तर गेला.

निपाणी_तंबाखू | ११:१८

म्हणजे कुठल्या हॉलसमोर केस लागली त्यावर मान ठरणार. मटका बरा मग, त्यात निदान आकडा आपण लावतो.

निवृत्त_शिरस्तेदार | सोमवार, सकाळी ६:१५

सुप्रभात. मी सीमाभागातल्या कोर्टांत चौतीस वर्षं नोकरी केली, कुठल्या ते सांगत नाही. फाशीची सही मी एकदाच समोरनं बघितली. साहेबांनी सही केली आणि पेनाची निब टेबलावर दाबून मोडली, तशी पद्धत आहे, त्या पेनानं परत काही लिहू नये म्हणून. नंतर घरी गेलेत आणि दोन दिवस आलेच नाहीत. लोकांना वाटतं जज लोक फाशी सहज देतात, तसं नसतं. आणि सेशन कोर्टानं दिली तरी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय ती लागू होत नाही, आरोपीनं अपील करो न करो फाईल जातेच. पूर्वी आपल्या भागातली बेंगळुरूला जायची, २००८ पासून धारवाडला जाते.

खरं मला वेगळंच सांगायचं आहे. खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरचा एक माणूस खुनात होता. कोर्टाचं सगळं काम कन्नडमध्ये. याला कन्नड अजिबात येत नव्हतं, आपल्याकडं तसा माणूस विरळाच खरं वाडीवरचा होता, बाजाराला पण कधी तरी यायचा. कायद्यात आहे की साक्षीपुरावा आरोपीला कळणाऱ्या भाषेत समजावून सांगायचा. समजावणार कोण, तर आमचा शिपाई, त्याचं मराठी म्हणजे "तू जातंय काय" एवढंच. शेवटी आरोपीचा जबाब घेताना साहेब एकेक साक्ष वाचून विचारायलेत "हौदा?" म्हणजे खरं आहे काय. दोनदा गप्प बसला. तिसऱ्यांदा हात जोडून म्हणतो, "हौद न्हाई साहेब, हीर हाय आमच्यात."

सगळं कोर्ट हसलं. मी पण हसलो. साहेबांना मराठी कळायचं थोडं, ते हसले नाहीत. काम थांबवून दुसऱ्या दिवशी मराठी येणारे एक वकील बोलावलेत आणि सगळ्या साक्षी पहिल्यापासून वाचून दाखवायला लावल्यात. चार दिवस गेले. पुढं तो सुटला. खुनाच्या दिवशी तो तिथं नव्हताच असं निघालं, आणि ते सांगणारी त्याची मेहुणी पहिल्या दिवसापासून बाहेर झाडाखाली बसून होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बेळगाव_आमचंच | ७:०२

हेच ते!! म्हणून म्हणतो कारभार मराठीतनं पाहिजे. ज्या हिंडलग्यात १९८६ ला कानडी सक्तीच्या विरोधात माणसं गोळ्या खाऊन पडली, हुतात्मा स्मारक आहे, १ जूनला आपण सगळे जातो, त्याच गावात जेल आणि जेलात माणसाला कळत नाही आपल्याला काय म्हणायलेत. सीमाप्रश्न सुटल्याशिवाय

संपादक | ७:३०

सीमाप्रश्नाचे या घडीला सात धागे उघडे आहेत. इथं फाशीवर बोला. शिरस्तेदारकाकांचा मुद्दा भाषेचा आहे, तो चालेल.

बेळगाव_आमचंच | ७:३१

बरं. खरं मुद्दा तोच आहे.

शहापूरचा_मास्तर | ८:४५

शिरस्तेदारसाहेब, तुमचा किस्सा वाचून शाळेत जाईपर्यंत गप्पच होतो. खरं त्यातनं फाशी वाईट असं निघत नाही, दुभाषा वाईट असं निघतं. दुभाषा बदला.

पुण्यात_बेळगावकर | ९:२०

मास्तर, दुभाषा, वकील, तपास, साक्षीदार झाडाखाली बसलाय ते बघणारा माणूस, हे सगळं बदलल्यावर मग फाशीचं बोलू ना. तोपर्यंत कोण लटकतं? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं फाशीच्या कैद्यांना जेलमध्ये भेटून २०१६ ला अहवाल काढला. सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे. दलित, आदिवासी, मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक धरले तर तेवढेच, ७६ टक्के. बंगलेवाला त्यात शोधून दाखवा.

चंदगडी | ९:५५

आमच्या महाराष्ट्रातलीच एक केस सांगतो. २००३ ची, नाशिक जिल्ह्यातली. दरोडा, खून, बलात्कार, भयंकर प्रकार होता. सहा जण धरले, सगळे भटक्या जमातीतले मजूर. हायकोर्टानं तिघांची फाशी ठेवली आणि तिघांना जन्मठेप केली. २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. आणि २०१९ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानंच सहाही जण निर्दोष म्हणून सोडले. कमी शिक्षा नव्हे बरं का, निर्दोष! त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतला निघाला. सरकारनं प्रत्येकाला ५ लाख द्यावेत असा हुकूम झाला. सोळा वर्षं, ५ लाख. वर्षाला किती पडले ते मास्तरांनी पोरांकडनं सोडवून घ्यावं.

निठारीत लेकरं मारल्याचा आरोप असलेल्या सुरेंद्र कोलीची पण २०१४ ला तारीख ठरलेली, दोर तयार. ऐनवेळी थांबली. २०२३ ला अलाहाबाद हायकोर्टानं पुरावा टिकत नाही म्हणून बारा केसमध्ये निर्दोष ठरवला, राहिलेल्या एकीत २०२५ ला सुप्रीम कोर्टानं. त्या वेळी टीव्ही बघून मी स्वतः म्हणालेलो हा नरभक्षक अजून जिवंत कसा. आता कुणाकडं माफी मागायची?

वडगाव_वकील | १०:१५

चंदगडी बरोबर. आणखी जवळचं सांगतो, हिंडलग्याचंच. उमेश रेड्डी. बलात्कार आणि खून, माणसाबद्दल कुणाला दया यावी असं काहीच नाही. २००६ ते २०१६ दहा वर्षं त्याला हिंडलग्यात एकट्याला कोठडीत ठेवलेलं. फाशी झाली म्हणून लगेच एकांतात टाकता येत नाही, सगळे अर्ज संपेपर्यंत तो बाकी कैद्यांसारखाच, असं सुप्रीम कोर्टानं १९७८ लाच सांगितलेलं. त्याची दया फेटाळली २०१३ ला. म्हणजे त्याआधीची सगळी वर्षं बेकायदा. २०२२ च्या नोव्हेंबरात कोर्टानं त्यासाठी फाशी काढली आणि किमान ३० वर्षं जन्मठेप केली.

वेंगुर्लारोड | १०:३०

थांबा. २००६ ते २०१६. म्हणजे मी त्या दहा वर्षांत रोज दोनदा तिथनं गेलोय. रविवार सोडून. आणि आत एक माणूस एकटा.

बरं वाटलं नाही वाचून. त्यानं जे केलं ते माहीत असून पण.

अनगोळची_अक्का | ११:०५

मला नाही काही वाटलं. त्यानं ज्या बाईला मारलं तिच्या घरच्यांना एकटं वाटत नसेल काय? तुम्ही सगळे पुरुष एका बाजूला होऊन कैद्याचा जीव मोजायलात.

पुण्याची_सून | ११:१२

अक्का, मी पुरुष नाही पण मला तुमचं निम्मं पटतं आणि निम्मं नाही. बलात्काराला फाशी केली तर पोरीला जिवंत सोडायचं कारणच उरत नाही, असं कितीतरी बाया म्हणतात. आणि नात्यातलाच कुणी असेल तर घरचे तक्रारच करणार नाहीत, काकाला फासावर कोण चढवणार. निर्भयाच्या चौघांना २० मार्च २०२० ला फाशी झाली, त्यानंतर पेपरातलं बलात्काराच्या बातम्यांचं पाचवं पान बंद झालं का?

अनगोळची_अक्का | ११:२०

ते खरं आहे. पाचवं पान मी वाचायचंच सोडलंय.

निपाणी_तंबाखू | दुपारी १:४०

धाकाचं बोलायचं तर, आमच्या गल्लीत दोन खून झालेत गेल्या तीस वर्षांत. एक दारूत, एक सख्ख्या भावाचा. दारू पिलेल्यानं बच्चनसिंग वाचलेला नव्हता. पकडलाच जाणार एवढं जरी वाटलं असतं तरी थांबला असता बहुतेक. धाक पकडण्याचा असतो, दोराचा नसतो.

पुण्यात_बेळगावकर | २:०५

+१. त्रावणकोर संस्थानानं १९४४ ला फाशी बंद केली होती. बंद असताना खून वाढले नाहीत आणि नंतर परत सुरू झाली तेव्हा घटले पण नाहीत. बाबासाहेब पण १९४९ ला घटनासमितीत म्हणालेले की फाशीच काढून टाकलेली बरी. आणि २०१५ च्या विधी आयोगानं दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध सोडून बाकी ठिकाणची फाशी काढा म्हणून सांगितलं, न्या. अजित शहा अध्यक्ष होते.

शहापूरचा_मास्तर | २:३०

मग कसाबला काय करायचं होतं, येरवड्यात बिर्याणी घालून सांभाळायचा?

कुंदाप्रेमी | २:३१

आली बिर्याणी. मी वाटच बघायलो होतो.

वडगाव_वकील | २:५०

कसाबनं जेलात बिर्याणी मागितली ही गोष्ट खोटी होती, सरकारी वकिलांनी स्वतः नंतर कबूल केलंय. असो. मास्तर, आयोगानं दहशतवाद वगळलेलाच आहे, नीट वाचा. आणि फाशी नाही म्हणजे चौदा वर्षांत बाहेर असं पण नाही. आपल्या कर्नाटकातल्याच श्रद्धानंद केसमध्ये २००८ ला सुप्रीम कोर्टानं मधला रस्ता काढला, मरेपर्यंत आत, सूट नाही. बायकोला बेशुद्ध करून जिवंत पुरलेलं त्यानं बेंगळुरूत, घराच्याच अंगणात.

मलप्रभाकाठ | रात्री ९:१५

सगळं वाचलं. मी इथं फारसा लिहीत नाही. सगळे पेपरातल्या केसवर बोलायलेत, मी घरातली सांगतो.

माझ्या काकाचा खून झाला, भाऊबंदकीतनं. खानापूर तालुका, गावाचं नाव नको. बांध. दीड हात जागा असेल नसेल, पावसाळ्यात शेजारच्या भाऊबंदांनी बांध आमच्यात सरकवला, काकानं परत सरकवला, असं तीन वर्षं. चौथ्या वर्षी भाताची लावणी चालू होती, काका गुडघाभर चिखलात वाकलेला, त्यांच्यातल्या एका चुलत्यानं मागनं येऊन कोयता घातला. मी चौदा वर्षांचा होतो, रोपांची पेंढी माझ्या हातात होती. ती पेंढी मी संध्याकाळपर्यंत सोडली नव्हती म्हणे, आईनं बोटं उघडून काढली.

त्याला जन्मठेप झाली. आमच्या घरात सगळ्यांना फाशी पाहिजे होती, वडील तर कोर्टाच्या आवारात आडवे पडलेले. वकील म्हणाले, ही विरळातली विरळ नव्हे पाटील, बांधावरचे खून दर पावसाळ्यात होतात. खरंच बोलले ते, खरं वडिलांनी परत त्यांचं तोंड बघितलं नाही.

सोळा वर्षांनी तो सुटून आला. चांगली वागणूक म्हणून सोडतात, तशी यादीत नाव आलं. आता गावात आहे. दात पडलेत, साखर आहे, टपरीवर बसतो. मी गेलो की उठून जातो. एकदा उठला नाही, मी पण बसलो, चहावाल्यानं विचारलं नाही, दोन कप ठेवले. प्यालो. पैसे त्यानं दिले. मी घरी सांगितलं नाही.

अनगोळची_अक्का | ९:४०

बाळ, काय लिहावं कळेना.

शहापूरचा_मास्तर | ९:५२

तुम्हाला आज विचारलं तर? म्हणजे फाशी व्हायला पाहिजे होती काय? रागावू नका, धाग्याचा प्रश्नच तो आहे म्हणून विचारतो.

मलप्रभाकाठ | १०:२०

रागवायचं काय त्यात मास्तर. मला ठरवता येत नाही. कप ठेवले त्या दिवशी नको वाटलं, लावणीच्या दिवसांत दरवर्षी पाहिजे वाटतं.

काकूला मी विचारलं होतं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "त्याला फाशी दिलेत काय आणि सोडलेत काय, आधी माझा बांध कुठं आहे ते सांगा म्हणावं." कारण जमिनीचा दावा अजून चालूच आहे. खुनाचा निकाल लागला, तो जाऊन सोळा वर्षं काढून आला, बांधाची तारीखच पडते आहे. पहिल्या मोजणीवर त्यांनी हरकत घेतली, दुसरीवर आम्ही.

वेंगुर्लारोड | १०:३१

पोरग्याला काय सांगू अजून कळलेलं नाही. उद्या दुसऱ्या रस्त्यानं जातो.

मलप्रभाकाठ | १०:३८

येत्या गुरुवारी परत मोजणीवाला येणार म्हणून रजा टाकलीय. गेल्या दोन वेळा आलाच नाही. खानापूरच्या भूमापन ऑफिसात कुणाची ओळख असली तर सांगा.

निवृत्त_शिरस्तेदार | १०:५५

व्यनि (खाजगी निरोप) केला आहे. सात-बारा आणि जुना नकाशा दोन्ही घेऊन या, झेरॉक्स नको, मूळ.